तुम्ही विचारलंत म्हणून : विजय कुठे गेला?

गणपतीचे दहा दिवस आले की हा प्रश्न येतोच. इंदुरातलं राजेंद्रनगर असो, लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम संपतो, वायरी गुंडाळायला सुरुवात होते, आणि एखादा तरुण मुलगा जवळ येऊन विचारतो, "काका, नव्या 'डॉन'मधलं 'मोरया रे' तुम्ही एवढा जीव ओतून गाता. मग 'खइके पान बनारसवाला' मात्र जुन्याच ट्रॅकवर का? नवीन कधीच का नाही?" मागच्या वर्षी आमच्याच कीबोर्डवाल्यानं विचारलं. सव्वीस वर्षांचा मुलगा, हात फार गोड आहे त्याचा. म्हणाला, "काका, शाहरुखवर एवढा काय राग आहे?" मी म्हटलं, निवांत सांगीन. तो निवांतपणा काही मिळाला नाही. म्हणून आता लिहूनच सांगतो.

जुना 'डॉन' म्हणजे 1978चा अमिताभचा, नवा म्हणजे 2006चा शाहरुखचा. शाहरुखवर माझा राग नाही. त्याची गाणी मी तीस वर्षं गातोय, लोकांनी वन्स मोअर दिलाय, आणि त्या गाण्यांवर आमच्या ऑर्केस्ट्राच्या कितीतरी रात्री तरून गेल्यात. अमिताभची भूमिका दुसऱ्या कुणी करूच नये, असंही मला वाटत नाही. रजनीकांतनं 1980 साली तमिळमध्ये हीच गोष्ट केली, 'बिल्ला' नावानं. त्याच्या आदल्या वर्षी तेलुगूत एन. टी. रामाराव यांनी केली होती. 'बिल्ला' मी पुष्कळ वर्षांनी पाहिला. तमिळचा एक शब्द कळत नाही, तरी डोळ्यात पाणी आलं. कारण चेहरा बदलला होता, भाषा बदलली होती, पण माणूस तोच होता. फसलेला, साधा, खरं सांगणारा.

माझं दुःख त्या माणसाचं आहे. त्याचं नाव डॉन नाही. त्याचं नाव विजय.

ज्यांनी जुना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. डॉन हा मोठा गुन्हेगार. पोलिसांपासून पळताना तो मरतो, आणि हे फक्त डीएसपी डिसिल्व्हा यांना माहीत असतं. ते त्याला गुपचूप पुरतात. मुंबईच्या रस्त्यावर गाऊन-नाचून पोट भरणारा, बनारसकडचा, हुबेहूब डॉनसारखा दिसणारा विजय त्यांना ठाऊक असतो. त्याला सापडलेल्या दोन मुलांना तो सांभाळतोय. मुलांच्या शाळेची सोय मी करतो, त्याबदल्यात तू डॉन बनून टोळीत जा, असं डिसिल्व्हा त्याला सांगतात. विजय जातो. टोळीची सगळी माहिती असलेली लाल डायरी मिळवून देतो. आणि मग डिसिल्व्हा मारले जातात. झालं! हा डॉन नाही, विजय आहे, हे जाणणारा एकुलता एक माणूस गेला. पोलीस म्हणतात तू डॉन आहेस. टोळीला कळतं की हा डॉन नाही. दोघंही त्याच्या मागे. हातात पुरावा एकच, ती डायरी, आणि तीही गायब.

1978 साली मी बारा वर्षांचा होतो, आणि ही गोष्ट आमच्या घरात आधीपासूनच चालू होती.

आमचे वडील, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, एका कापड गिरणीत स्टोअरकीपर होते. इंदुरात तेव्हा गिरण्यांचे भोंगे होते, आणि शहराचा दिवस त्या भोंग्यांवर चालायचा. 1977च्या थंडीत एका संध्याकाळी वरच्या साहेबांनी तोंडी सांगितलं, चौदा गाठी आज रात्रीच ट्रकवर चढवा, गेट पास सकाळी सही करून देतो. भाऊंनी माल सोडला. साहेब अठरा वर्षांपासून ओळखीचे, शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत, तिसऱ्या दिवशी हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. महिनाअखेरीला मोजणी झाली तेव्हा चौदा गाठी कमी. गेट पास नाही. सांगणारा माणूस नाही. भाऊंना निलंबित केलं आणि चौकशी लावली.

ती चौकशी दीड वर्ष चालली. अर्धा पगार, त्यातही दिरंगाई. आईनं वाती वळल्या, पापड लाटले, शेजारच्या वाड्यातल्या मुलींना भरतकाम शिकवलं. पण पैशाचं मला तेवढं आठवत नाही. आठवतं ते लोकांचं बोलणं. भाऊ कुणालाही एकच सांगायचे, "साहेबांनीच सांगितलं होतं." आणि लोक मान डोलवायचे. त्या मान डोलवण्यात जे असायचं ते बारा वर्षांच्या मुलालाही कळायचं. आमच्याच नात्यातले एक गृहस्थ ओट्यावर बसून म्हणाले होते, "आगीवाचून धूर निघत नसतो." मी आत पाटावर जेवत होतो. आईनं माझ्या पानात न विचारता आणखी भात वाढला.

भाऊ सिनेमाला जात नसत. वर्षातून एखादं मराठी नाटक, मुंबई-पुण्याची कंपनी आली तर, तेवढंच. पण त्या वर्षी त्यांना वेळच वेळ होता. पावसाळा नुकताच लागला होता. माझा थोरला चुलतभाऊ 'डॉन' पाहून आला आणि त्यानं मला आख्खी गोष्ट सांगितली. शेवट तेवढा सांगितला नाही. मी हट्ट धरला. भाऊ काय वाटून तयार झाले, देव जाणे. म्हणाले, "चल, मी नेतो." ते टॉकीज आता राहिलेलं नाही, त्या जागी दुकानं आहेत. आम्ही खालच्या क्लासात बसलो. लाकडी खुर्च्या, वर गरगरणारे पंखे, मागून बिडीचा धूर.

डिसिल्व्हा मरतात तो प्रसंग आला. विजय त्यांच्याकडे बघतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर दुःखाच्याही आधी एक गोष्ट येते: आता माझं कोण? अमिताभनं ते एका क्षणात दाखवलंय. मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. चष्म्याशिवाय त्यांना पडदा दिसत नसे. काचा पुसत नव्हते, डोळे पुसत नव्हते, नुसते पडद्याकडे तोंड करून बसले होते. पुष्कळ वेळानं चष्मा परत लावला.

शेवटी ती डायरी खलनायकाच्या हातात पडते आणि तो ती जाळून टाकतो. आमचं टॉकीज चिडीचूप. मग कळतं की जळाली ती खोटी होती, खरी विजयनं आधीच सांभाळून ठेवली होती. तेव्हा जी शिट्टी-टाळी झाली, नाणी उडाली, तसा आवाज मी आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकला आहे. घरी चालत आलो. राजवाड्यापाशी भाऊंनी मला गरम दूध पाजलं. रस्ताभर बोलले नाहीत. घराच्या गल्लीत वळताना एवढंच म्हणाले, "डायरी होती म्हणून बरं."

आमची डायरी निघाली 1979च्या श्रावणात. ज्या ट्रान्सपोर्टनं माल गेला होता त्यांच्याकडे भाऊ आधी दोनदा जाऊन आले होते, जुने कागद नाहीत असं उत्तर मिळालं होतं. त्यांचा गोदाम बदलायचा झाला तेव्हा बिल्ट्यांचे, म्हणजे पाठवलेल्या मालाच्या पावत्यांचे, जुने गठ्ठे बाहेर पडले, आणि तिथल्या एका कारकुनानं आठवण ठेवून भाऊंची बिल्टी शोधून काढली. कार्बन कॉपी होती, निळी, कडा उंदरांनी खाल्लेल्या. चौदा गाठी, तारीख, आणि खाली साहेबांची सही. तो माणूस पावसात सायकलवर ती बिल्टी पॉलिथिनच्या पिशवीत घालून आमच्या घरी घेऊन आला. आईनं त्याला पोहे केले, वर सेव आणि जीरावन मसाला घालून, आणि तो खात असताना पदर डोळ्याला लावून स्वयंपाकघरात उभी राहिली.

भाऊ कामावर परत गेले. इंदूरच्या बाहेरच्यांना माहीत नसेल, अनंत चतुर्दशीच्या रात्री इथे गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चालते देखावे, निघतात. गिरण्या पुढे एकेक करून बंद पडल्या, कामगारांची देणी वर्षानुवर्षं लटकली, तरी झांक्या निघतच राहिल्या. निलंबनाच्या काळात भाऊंना झांकीच्या कामाला कुणी बोलावलं नव्हतं. त्या वर्षी बोलावलं. भाऊ झांकीच्या बाजूनं पहाटेपर्यंत चालले, मी त्यांचं बोट धरून. बारा-तेरा वर्षांच्या मुलानं बोट धरायचं नसतं, पण त्या रात्री धरलं. ओट्यावरचे गृहस्थ मात्र शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले. काही लोकांना बिल्टी दाखवूनही उपयोग होत नाही.

आता 2006कडे येतो.

दिवाळीचे दिवस होते. फरहान अख्तरचा 'डॉन' लागला. मी आणि माझी मुलगी पहिल्या आठवड्यातच गेलो. ती तेव्हा अकरा वर्षांची, म्हणजे साधारण माझ्याच तेव्हाच्या वयाची. मी किती आनंदानं गेलो होतो! मूळ गोष्ट सलीम-जावेद यांची. सलीम खान आमच्या इंदूरचे, जावेद अख्तर यांचा जन्म ग्वाल्हेरचा. किशोरकुमार खंडव्याचे आणि शिकायला इथल्या ख्रिश्चन कॉलेजात. लतादीदींचा जन्मही इंदूरचा. सिनेमा मुंबईत बनला असला तरी आम्ही माळव्यातले लोक 'डॉन'ला घरचाच समजतो. आणि आता जावेदसाहेबांचा मुलगाच तो पुन्हा करतोय म्हटल्यावर शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

सुरुवातीला सगळं छान चाललं होतं. मलेशियातल्या उंच इमारती, चकचकीत गाड्या, उत्तम छायाचित्रण. मग विजय आला. कुठे, तर गणपतीच्या मिरवणुकीत, 'मोरया रे' गात! मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. माझा विजय आणि माझा गणपती एकाच पडद्यावर. ते गाणं मी त्याच आठवड्यात बसवलं आणि आजतागायत गातो.

पुढे गोष्ट ओळखीच्या वाटेनं जात राहिली. डॉन मरतो, विजय त्याची जागा घेतो, डिसिल्व्हा... आणि अगदी शेवटच्या काही मिनिटांत कळतं की डॉन मेलेलाच नव्हता. मेला तो विजय, तिथे इस्पितळातच. त्याच्या जागी उठून बाहेर पडला तो डॉन. म्हणजे त्यानंतर पडद्यावर जो "मी डॉन नाही, मी विजय आहे" असं कळवळून सांगत होता, ज्याच्यावर रोमानं, म्हणजे नायिकेनं, विश्वास ठेवला, ज्याच्यासाठी आपला जीव वरखाली होत होता, तो डॉनच होता. विजय होऊन बोलत होता. आपल्याला फसवत होता.

टॉकीज शिट्ट्यांनी दणाणलं. माझी मुलगी खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

मी नुसता बसून राहिलो. माझ्या मनात एकच घोळत होतं, विजय कुठे गेला? त्याच्या मरणाला पडद्यावर दोन मिनिटंही दिली नाहीत. ज्या मुलाला त्यानं पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्यासाठीच तो या फंदात पडला, त्या मुलाला कुणी सांगितलं का? विजय मेला आणि त्याच्यासाठी कुणी रडलं नाही, कारण शिट्ट्या मारायच्या होत्या.

मुलीनं पुढे कॉलेजात गेल्यावर माझ्याशी यावर खूप भांडण केलं, आणि तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. ती म्हणते, "बाबा, शेवट तोच ठेवला असता तर पुन्हा करायचाच कशाला? सगळ्यांना डायरी पाठ होती. त्यांनी तुमच्या पाठांतरालाच चकवलं, हीच तर हुशारी." खरं आहे. कलाकुसर म्हणून पाहिलं तर ती खेळी जबरदस्त आहे. जुना पाहिलेल्यांना मुद्दाम गाफील ठेवून केलेली. 2011च्या दुसऱ्या भागात मग डॉन उघडच नायक होता. 2023 साली तिसऱ्या भागासाठी रणवीर सिंगचं नाव जाहीर झालं तेव्हा शाहरुखच्या चाहत्यांना वाईट वाटलं. माझी मुलगी दोन दिवस गप्प होती. "माझा डॉन बदलला," म्हणाली. मी तिच्याजवळ बसलो, चहा केला. तिचं दुःख मला समजत होतं. पण माझं त्याहून वेगळं आहे. तिच्या डॉनचा चेहरा बदलणार होता. माझ्या विजयचं अस्तित्वच पुसलं गेलं.

हे गाण्याच्या बाजूनं सांगतो, म्हणजे कीबोर्डवाल्या मुलाला नीट कळेल.

जुन्या 'डॉन'मध्ये या माणसाची किशोरदांनी एकट्यानं गायलेली तीन गाणी आहेत. पहिलं मुंबईच्या रस्त्यावरचं, 'ई है बंबई नगरिया'. तिथे आवाज मोकळा आहे, तोंड भरून, गावाकडचा. दुसरं पार्टीतलं, 'अरे दीवानो मुझे पहचानो'. तिथे विजय डॉन झालेला आहे. किशोरदा आवाज आवळतात, शब्द दातांजवळून सोडतात, स्वरावर इस्त्री फिरवल्यासारखा गुळगुळीतपणा येतो. ऐकून बघा, मोकळेपणा कुठेही निसटत नाही. आणि तिसरं, बनारसी पानाचं. तोवर डिसिल्व्हा गेलेले, विजय आणि रोमा पळतायत, भांग पोटात गेलेली, आणि इतका वेळ डॉनच्या कपड्यांत कोंडलेला विजय एकदम बाहेर येतो. पहिल्या गाण्यातला मोकळा आवाज परत येतो, दुप्पट होऊन. ते गाणं लोक धमाल म्हणून ऐकतात. मला ते सुटकेचं गाणं वाटतं. जगात कुणी मानत नसलं तरी मी मीच आहे, असं तो सगळ्या अंगानं सांगतोय. शब्द अंजान यांचे, ते स्वतः बनारसचे, त्यामुळे त्या बोलीला मातीचा वास आहे. त्या वर्षीचं गायनाचं फिल्मफेअर किशोरदांना याच गाण्यासाठी मिळालं, आणि अभिनयाचं अमिताभला 'डॉन'साठी.

ते गाणं शिकायला मला एक पावसाळा लागला. 1989 साल, ऑर्केस्ट्रात नवा होतो, बँकेतून सुटलो की रियाज. नुसत्या सुरात ते गाणं बसत नाही. मग एक दिवस पानवाल्याकडून मीठा पत्ता लावून घेतला आणि विडा गालात धरून गायलो. तेव्हा उलगडलं. विडा डाव्या गालात असला की जीभ उजवीकडे रेटली जाते. 'प' आणि 'ब' फुटायच्या आधी ओठांत फुगतात. 'स' ओला होतो. ओळीच्या शेवटी श्वास घ्यायचा तर आधी रस आत ओढावा लागतो, म्हणून शेवटचा शब्द किंचित घरंगळतो, आणि पुढची ओळ अर्धी मात्रा उशिरा उचलून मग पळत गाठावी लागते. गाण्यातली सगळी मस्ती त्या अर्ध्या मात्रेत आहे. आठ दिवस विडा घालून गायलो, मग विडा काढून नुसती त्याची जागा गालात ठेवून. अजूनही स्टेजवर ते गाणं सुरू व्हायच्या आधी मी डावा गाल आतून थोडा फुगवतो. ऑक्टोपॅडवाला तेवढ्यावरून ओळखतो आणि ढोलकाचा ठेका धरतो.

नव्या सिनेमातही ते गाणं त्याच जागी येतं. उदित नारायण यांनी सुरेख गायलंय. पण शेवट माहीत झाल्यावर पुन्हा ऐका. गाणारा विजय नाहीच. विजय केव्हाच मेलाय. ज्यानं त्याची जागा घेतली तोच त्याचं गाणं गातोय, त्याचीच बोली बोलतोय, त्याच्याच चालीनं नाचतोय, समोरच्या बाईनं विश्वास ठेवावा म्हणून. जुन्या सिनेमात विजय "मी डॉन" म्हणायचा तेव्हा खोटं बोलायचा, आणि ते आपल्याला माहीत असायचं, म्हणून आपण त्याच्या बाजूला असायचो. नव्यात "मी विजय" हेच खोटं झालं. मी गायक आहे. जो शब्द तोंडात घेतो तो त्या वेळेपुरता तरी मला खरा वाटावा लागतो. मेलेल्या माणसाच्या तोंडचं गाणं त्याला मारणाऱ्याच्या आवाजात मी गाऊ शकत नाही. 'मोरया रे' गातो, कारण त्या गाण्यात तो अजून जिवंत आहे.

आणि दुसरंही एक आहे, तेच खरं मोठं. जुना 'डॉन' ज्या कारणासाठी निघाला ते फार थोड्यांना माहीत असतं. नरीमन इराणी नावाचे छायाचित्रकार होते. स्वतः काढलेल्या सिनेमात त्यांचे पैसे बुडाले, डोक्यावर कर्ज झालं. ते फिटावं म्हणून मित्र एकत्र आले. दिग्दर्शनाला चंद्रा बारोट, गोष्ट सलीम-जावेद यांची, जी आधी कुणी घेत नव्हतं. काम चालू असतानाच इराणी अपघातात गेले. सिनेमा लागलेला त्यांनी पाहिला नाही. तरी मित्रांनी तो पुरा केला. एका अडकलेल्या माणसाच्या पाठीशी उभं राहण्यासाठी केलेल्या सिनेमात एका अडकलेल्या माणसाची गोष्ट होती: सगळे पुरावे विरुद्ध, साक्षीदार मेलेला, आणि तरी तो खरं बोलतोय. 1978च्या त्या लाकडी खुर्चीवर आमच्या भाऊंना ती गोष्ट लागली होती. माझ्यासारखे कितीतरी असतील, ज्यांच्या घरात कुणीतरी खरं सांगत होतं आणि ऐकणारे मान डोलवत होते.

नव्या सिनेमानं काय सांगितलं? की मान डोलवणारेच बरोबर होते. तो खोटंच बोलत होता. पोलिसांचा संशय रास्त होता, विश्वास ठेवणारी मूर्ख ठरली. ओट्यावरचे ते गृहस्थ जिंकले. सव्वीस-सत्तावीस वर्षं मी जे ऐकायचं टाळत होतो ते माझ्याच आवडत्या सिनेमानं माझ्या तोंडावर सांगितलं, आणि आजूबाजूला टाळ्या पडल्या. हे त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या मनात एक चतुर शेवट होता, एवढंच. पण विजयवर ज्यांनी जीव लावला होता त्यांचं काय होईल, याचा विचार करायला कुणाला सुचलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या रात्री सिनेमा पाहून आम्ही घरी आलो तेव्हा भाऊ जागेच होते. त्यांना यायचं होतं. दोन दिवस आधीपासून विचारत होते, "तिकिटं काढली का रे?" पण गुडघ्यांनी दगा दिला, जिने चढणं होईना, म्हणून मागे राहिले. खाटेवर टेकून बसले होते, अंगावर शाल, कंदिलाच्या वाती आणि पणत्यांचा वास घरात भरलेला. मुलगी पळत जाऊन त्यांच्या पायाशी बसली.

"कसा होता?"

"चांगला होता भाऊ. शाहरुखनं छान केलंय."

"डायरी मिळाली का त्याला?"

नव्यात डायरी नाही, कॉम्प्युटरची डिस्क आहे. ते मी सांगत बसलो नाही. "मिळाली," म्हटलं.

"मग सुटला ना तो?"

मुलगी बोलायला तोंड उघडत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं आणि का कुणास ठाऊक, गप्प राहिली.

"सुटला, भाऊ."

"हां," भाऊ म्हणाले. शाल नीट ओढून घेतली आणि दिवा मालवायला सांगितला.